आजचा दिवस राहू दे

छातीत यंत्र बसवून घरी आलो तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलायचा, "आता काळजी मिटली." मी मान हलवायचो. चहा व्हायचा, पाव्हणा उठून जायचा आणि मी डाव्या खांद्याखालचा तो उंचवटा चाचपत बसायचो. काडेपेटीपेक्षा थोडंसं मोठं यंत्र, कातडीखाली बसवलेलं. हृदयाचे ठोके भलतेच पळायला लागले की ते आतल्या आत विजेचा झटका देतं आणि ठोके ताळ्यावर आणतं, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. बाकीच्यांची काळजी त्या दिवशी खरंच मिटली असेल. माझी तिथून सुरू झाली.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. सगळी नोकरी नीरा डाव्या कालव्यावर गेली. कुठल्या चारीला किती पाणी सोडायचं, कुणाची पाळी कधी, हे बघायचं माझं काम. चारीचं दार बंद केलंय असं कुणी सांगितलं तरी मी सायकल काढून स्वतः बघून यायचो. त्याशिवाय मला झोप लागत नसे. अशा माणसाच्या छातीत देवाने नेमकी अशी वस्तू ठेवावी, जी उघडून बघता येत नाही! ते चालू आहे की बंद, हे मला कळणार कसं? कळलं ते एकदाच, इंदापूरच्या बाजारात मेथीच्या पेंढ्या निवडत असताना. छातीत बैलाने लाथ घालावी तसा तडाखा बसला आणि मी पेंढ्यांवरच आडवा झालो. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "बघा, यंत्राने बरोबर काम केलं, नाहीतर आज आपण बोलत नसतो." ते खरंच होतं. पण त्या दिवसापासून मला आजारापेक्षा यंत्राची भीती जास्त वाटू लागली. राखणीला ठेवलेलं कुत्रं आपल्यालाच कधी चावेल याचा नेम नाही, अशी गत झाली.

मी न्हाणीची कडी लावायचं सोडलं. विहिरीवर जायचं सोडलं. मोटारीच्या स्टार्टरजवळ जायचं तर मुलाने आधीच बंद केलं होतं. कुणी जोरात हसवलं तरी मला धास्ती वाटायची. माझी पत्नी शालन न्हाणीबाहेर बसून राहायची आणि मधूनमधून विचारायची, "हायसा न्हवं?" मी आतून ओरडायचो, "हाय! मरतोय कुठं!" असं आमचं रोजचं चाललेलं, पाच-सहा वर्षं. दोघंही दमून गेलो होतो. सकाळी उठल्यावरच थकवा असायचा, आणि तो कशाचा हे सांगायला शब्द नसायचे. देवळात जायचो, पण ते ऑफिसात जाऊन साहेबासमोर उभं राहावं तसं. नमस्कार करायचा आणि निघायचं.

त्यातच आमच्या घरावर बिरोबाची पाळी आली. शेळगावच्या पुढे माळावर आमच्या भावकीचं बिरोबाचं देऊळ आहे. वाडवडील मेंढरं घेऊन हिंडायचे तेव्हापासूनचं. आता मेंढरं राहिली नाहीत, सगळ्यांचे ऊस आहेत, कुणी नोकरीत आहे. पण देवाची सेवा अजून घराघरातून फिरते. पाळीतल्या माणसाने रोज पहाटे देवाला अंघोळ घालायची, भंडारा वाहायचा, धूप दाखवायचा. आणि दोन बंधनं पाळायची. पाळी संपेपर्यंत गावची शीव ओलांडायची नाही. आणि गाभाऱ्यात देवाने काही दाखवलं, ऐकवलं, तर पाळी संपेपर्यंत ते कुणाजवळ बोलायचं नाही. बोललं की देव ते परत घेतो, असं आमच्यात मानतात. मी भावकीतल्या थोरल्या तात्यांकडे गेलो, म्हटलं, "तात्या, मला काय हे झेपायचं न्हाय." तात्या माझे चुलत भाऊ, वयाने बरेच मोठे. ते म्हणाले, "देवाला तांब्याभर पाणी घालायला काय मोटार चालवावी लागतीया व्हय? घरात बसून तरी काय करतूस?" मी पाळी घेतली. यंत्र तपासायला बारामतीला जायची वेळ त्याच सुमारास आली होती. मुलाला सांगितलं, पाळी झाली की जाऊ. तो तिकडेच एमआयडीसीत नोकरी करतो आणि राहतो. फोनवर कुरकुरला, पण शिवेचं कारण सांगितल्यावर हो म्हणाला.

पहिले काही दिवस असेच गेले. मी गाभाऱ्यात, आणि शालन निरांजन घेऊन उंबऱ्याबाहेर. आमच्या बायका उंबरा ओलांडत नसत. मग एके पहाटे देवाच्या तांदळ्यावर, त्या बिनघडीव दगडावर, पाणी घालत होतो, बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं, आणि मला एक आवाज ऐकू आला. बारीक, वरखाली होणारा, शिट्टी म्हणावी तर शिट्टी नाही. थोडा वेळ राहिला आणि थांबला. तो माझ्या आतून आला की समोरच्या दगडातून, तेच कळेना. गाभारा इतका लहान आहे की श्वासही घुमतो.  जुनी सवय जाईना म्हणून मी दिव्याच्या होल्डरमागे बघितलं, कोपऱ्यात रातकिडा आहे का ते शोधलं. फोन तर मी घरीच ठेवून येत असे. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज, पाणी घालताना. तिसऱ्या दिवशीही. मग मी शोधायचं थांबवलं आणि तांदळ्यावर डोकं टेकलं.

मला काय वाटलं ते लपवून काय करायचं? मला वाटलं, देव माझ्याशी बोलतोय. तू घाबरू नको, मी आहे, एवढंच तो सांगतोय. एकदा माझी अंघोळ लांबली आणि देवळाच्या पायऱ्यांवरच तो आवाज झाला. मी मनातल्या मनात हात जोडले, "चुकलं देवा, उशीर झाला," आणि धावत आत गेलो. आज आठवलं की हसू येतं. पण त्या दिवसांत मी खरोखर निर्धास्त झालो होतो. न्हाणीची कडी पुन्हा लावायला लागलो. उसाच्या बांधाने एकटा फिरून यायला लागलो. इतक्या वर्षांनी गाढ झोप लागायला लागली. डॉक्टरांनी, मुलाने, पाव्हण्यांनी जी काळजी मिटल्याचं सांगितलं होतं, ती त्या बारीक आवाजाने मिटवली. नेमाप्रमाणे मी कुणाला काही बोललो नाही. शालन मात्र त्या दिवसांत उतरत चालली होती. डोळे खोल गेलेले, जेवण कमी झालेलं. विचारलं तर म्हणायची, "पहाटं उठायचं म्हंजी व्हतंच." निरांजन धरून उभी असताना तिचे ओठ काहीतरी पुटपुटत असायचे. मला वाटायचं, जप करत असेल.

अमावास्या आली. त्या दिवशी देवळात गर्दी असते, ढोल असतात, भंडारा उधळतात. नैवेद्य मोठा करायचा म्हणून शालन मागच्या पडवीत चुलीपाशी होती. गर्दी व्हायच्या आधीच एक बाई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, शालन उभी राहते त्याच जागी. साठीच्या आसपासची, अंगाने दणकट, हातात नारळ. भिगवणची आहे, मासळीचा धंदा करते, भाच्याच्या टेंपोतून नवस फेडायला आले आणि लिलावाआधी परत पोचायचंय, असं तिने एका दमात सांगितलं. मी म्हटलं, अंघोळ होऊ द्या, मग नारळ घेतो. पाणी घालायला वाकलो आणि आवाज झाला.

"आबा," बाई म्हणाली, "तुमच्या छातीतलं वाजतंय."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी विचारलं, "तुमाला ऐकू आलं?"

"आलं की. हितवर आलं. मशीन हाय न्हवं तुमाला? त्या खांद्याखाली?" पाण्याने भिजून माझी बंडी अंगाला चिकटली होती, तो उंचवटा तिला दिसला असणार. तिने स्वतःच्या पदराखाली डाव्या बाजूला हात नेला. "मलाबी हाय. गेल्या साली असंच रोज सकाळी वाजायला लागलं. आमच्या घरात वाटलं, पोरांचं खेळणंच कुठंतरी अडकलंय. समदं घर पालथं घातलं. मग दवाखान्यात गेलो तर म्हनले, बाई, बॅटरी संपत आलीया, म्हणून ती रोज एका ठरल्या वक्ताला हाका मारतीया. तुमाला किती दिस झालं?"

 किती दिवस झाले ते सांगणं म्हणजे नेम मोडणं होतं. मी तांदळ्याकडे बघितलं. तोच दगड, तोच भंडारा. इतके दिवस मी ज्याला देवाचा शब्द समजून पोटाशी धरलं होतं, तो एका संपत आलेल्या बॅटरीचा आवाज होता. मला धस्स झालं नाही, हे सांगितलं तर कुणाला पटणार नाही. मला फार मोठं एकटेपण वाटलं. लहान मुलाचा हात गर्दीत सुटावा तसं. मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो.

बाई घाबरली. उंबऱ्यावर टेकून म्हणाली, "आबा, असं बसू नका. अजून वेळ हाय, म्हणूनच वाजतंय. पण आजच जावा." मी तिला विचारलं, तुम्हाला भीती वाटत नाही का, या यंत्राची?  "वाटती की. का न्हाय वाटणार? मला तर मासळी तोलताना झटका बसला, काटा हिकडं, मासं तिकडं. पण माझं मी किती बघू? मशीनचं मशीन बघंल, देवाचं देव बघंल. मी मासं बघते." मग नारळ माझ्या हातात दिला, भंडारा लावून घेतला आणि टेंपोचा हॉर्न ऐकून निघून गेली. नाव विचारायचं राहून गेलं.

ढोल सुरू व्हायच्या आधी मी तात्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. नेम मोडत होतो, पण सांगण्यासारखं देवाचं असं काही उरलंच नव्हतं, असं मला वाटत होतं. तात्यांनी ऐकून घेतलं. मी म्हणालो, "शीव कशी वलांडू? पाळी मोडंल. थोडेच दिस राहिल्यात, ते झालं की जातो." खरं सांगायचं तर पाळीचं कारण निम्मंच होतं. दवाखान्यात जायचं म्हणजे पुन्हा ती कापाकापी, पुन्हा त्याच भीतीच्या पहिल्या पायरीवर येऊन उभं राहायचं. त्याचाच मला कंटाळा आला होता. आहे तसं राहू दे, झालं तर झालं, इतका मी थकलो होतो. तात्या चिडले. "पाळी घराची असती, येड्या, माणसाची न्हाय. तू गेलास म्हणून घर थोडंच शीव वलांडतंय?" म्हटलं, घरात आहे कोण? मुलगा तर मला न्यायला लागणार. तात्यांनी पडवीकडे बघितलं. शालन हाताचं पीठ झटकत दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तरी त्यावर मला न समजणारं काहीतरी सुटल्यासारखं दिसत होतं.

"तुमी जावा," ती म्हणाली. "देवाला मी बघते."

आजवर आमच्यातली कुठली बाई गाभाऱ्यात गेली नव्हती. तात्या बराच वेळ पागोट्यात बोट घालून डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "बाई घरातली न्हाय का? जा शालन, पाणी भर." लगोलग ढोल सुरू झाले, त्यामुळे पुढे कुणी काय म्हणालं ते मला ऐकू आलं नाही. दुपारी मुलगा गाडी घेऊन आला. शिवेवर त्याला गाडी थांबवायला लावली, उतरून देवळाच्या दिशेने हात जोडले. मागायला काही सुचलं नाही. नुसताच उभा राहिलो आणि परत गाडीत बसलो.

बारामतीच्या दवाखान्यात छातीवर एक चकती ठेवून यंत्र तपासलं. तपासणारे म्हणाले, "बाबा, हे वाजायला लागलं की लगेच यायचं असतं. सांगितलं होतं ना?" सांगितलं असणार. त्या वेळी ऐकण्याइतका मी शुद्धीवर नव्हतो, इतकंच. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, पण आणखी थांबला असतात तर अवघड होतं. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. मधल्या काळात एकदा माझे ठोके बिघडले होते, आणि यंत्राने झटका न देता, हळूच, मला कळूही न देता ते सावरले होते. ज्या दिवसांत मी बांधाने एकटा फिरत होतो, कडी लावून अंघोळ करत होतो, त्याच दिवसांतली ही गोष्ट. मला सगळ्यात निर्धास्त वाटत होतं तेव्हा मी धोक्यात होतो, आणि त्याच्या आधी भीतीने अर्धा झालो होतो तेव्हा, बाजारातला तो एक झटका सोडला तर, तसं काहीच नव्हतं. मग आपल्याला काय वाटतं याला किंमत ती किती, असा विचार करत मी त्या खाटेवर पडून राहिलो. यंत्र बदललं. टाके पडले.

परत आलो तेव्हा पाळी अजून चालू होती. डावा हात वर न्यायला मनाई होती, म्हणून सेवा शालनच करत राहिली. पहाटे ती गाभाऱ्यात गेली आणि मी निरांजन घेऊन उंबऱ्याबाहेर, तिच्या जागी, उभा राहिलो. इतक्या वर्षांत मला ती जागा माहीतच नव्हती. तिथून देव नीटसा दिसत नाही. पाणी घालणाऱ्याची पाठच जास्त दिसते. शालनने तांब्या उचलला, तांदळ्यावर पाणी घातलं आणि मध्येच थांबली. मीही थांबलो. गाभारा शांत होता. पाण्याचा तेवढा आवाज झाला आणि तोही थांबला. मला वाटलं होतं तसा सुटल्यासारखा आनंद झाला नाही. त्या आवाजाची मला आठवण येत होती.

"न्हाय वाजलं," शालन मागे न वळता म्हणाली.

मी चमकलो. "तुला ऐकू यायचं?"

"रोज. पयल्या दिसापास्नं."

"मग बोलली न्हाईस ते?"

"कसं बोलू? नेम हाय न्हवं. देवानं तुमाला ऐकवलेलं मी कसं बोलू?"  तिने भंडाऱ्याची वाटी खाली ठेवली. "मला वाटलं, देव तुमाला बोलावतोय. न्यायला आलाय. तुमी तर हसत बाहेर यायचा, तवा वाटायचं, तुमालाबी कळलंय आन् तुमी निघालाय. मग मी हितं उभी राहून त्येला म्हणायची, आजचा दिवस ऱ्हाऊ दे. उद्याचं मागत न्हाय. आजचा तेवढा ऱ्हाऊ दे."

 एकच आवाज. मी आत उभा राहून त्यात अभय ऐकत होतो, आणि माझ्यामागे चार हातांवर माझी बायको त्यातच माझं मरण ऐकत होती आणि रोज एक दिवस मागून घेत होती. मी गाढ झोपायचो त्या रात्री ती जागी असणार. यंत्र, डॉक्टर, भिगवणची ती बाई, ज्यांनी मला वाचवलं त्या सगळ्यांना मी मनोमन नमस्कार केला होता. हिचं नाव त्यात नव्हतं. देव बोलला का नाही, हे मी आता कुणाशी वाद घालून ठरवणार नाही. अमावास्येला ती बाई नेमकी त्या वेळी उंबऱ्यावर कशी आली हेही मला सांगता येणार नाही. पण आमच्या घरातून रोज पहाटे एक मागणं जात होतं आणि ते रोज पुरं होत होतं, एवढं मला कळलं.

मी विचारलं, "आन् आता? आता काय म्हणतीस?"

शालनने भंडारा वाहिला, डोकं टेकलं आणि उठता उठता म्हणाली, "आता दुसरं काय म्हणायचं? त्येच म्हणते."

पाळी संपून आता ती सेवा दुसऱ्या घरी गेली. छातीतल्या उंचवट्यावर माझा हात अजूनही जातो, आणि भीती गेली असं मी म्हणणार नाही, थकवाही आहेच. दार बंद झालंय का ते बघायला जावं, तशी ओढ अजून मनाला लागते. पण पहाटे जाग आली की शेजारी शालनचा श्वास ऐकू येतो. मी पडल्या पडल्या हात जोडतो आणि तेवढंच मागतो. आजचा दिवस राहू दे. आम्हा दोघांचा.